मांजर उचललं, आता ठेवायचं कुठे?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या मोकाट कुत्र्यांचा आकडा दीड कोटीच्या पुढे गेला, मोकाट गुरांचा पन्नास लाखांच्या. भटक्या मांजरांचा आकडाच नाही. तसा रकानाच त्या गणनेत नव्हता. यात कुणी हयगय केली असं म्हणवत नाही. सरकार मोजतं ते दूध, मांस, कष्ट, नाहीतर उपद्रव. मांजर दूध देत नाही, रस्त्यात ठाण मांडून वाहतूक अडवत नाही, पोरांच्या मागे लागून पेपरात येत नाही. सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणा गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभी राहिली आणि महापालिकांची सगळी धडपड कुत्र्यांभोवती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातली जी सुनावणी देशभर गाजली, तीही कुत्र्यांचीच. मांजर या दोन्हींच्या मधून निसटतं. धडधाकट असेपर्यंत हे निसटणं त्याच्या पथ्यावरच पडतं. गाडीचं चाक पायावरून गेलं की मात्र ते कुणाच्याच वहीत नाव नसलेला रुग्ण होतं.

मग त्याला कुणीतरी उचलतं. कॉलेजातली मुलगी, सोसायटीतल्या निवृत्त काकू, मासळी बाजारात रोज त्याला डोकं-शेपूट टाकणारी मावशी, रात्रपाळीचा वॉचमन. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डॉक्टर कुठे मिळेल? निदान शहरांपुरतं बोलायचं तर या प्रश्नाचं उत्तर पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. अडतं ते त्याच्या पुढे. तपासून झालं, पट्टी झाली, इंजेक्शन झालं, डॉक्टर म्हणाले महिनाभर हलू देऊ नका. महिनाभर कुठे? भटक्या मांजराच्या उपचाराचा सगळा प्रश्न शेवटी या एका ठिकाणी येऊन अडकतो, असं माझं मत आहे. पण तिथवर पोचण्याआधी बरंच काही घडायचं असतं आणि त्यात जीव जाण्याच्या जागाही बऱ्याच आहेत.

मांजर जखमी होण्याची कारणं गावागणिक फार बदलत नाहीत. सर्वांत मोठं कारण वाहन. त्याखालोखाल कुत्र्यांनी धरणं आणि बोक्यांची आपसातली मारामारी. बोक्याच्या दाताची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण दात जंतू खोलवर सोडून येतो. दोन-चार दिवसांत तिथे लिंबाएवढा गळू धरतो. थंडीत किंवा पावसात उबेसाठी गाडीच्या बॉनेटखाली शिरलेलं पिल्लू इंजिन सुरू होताच पट्ट्यात सापडतं. उंदरांसाठी लावलेल्या चिकट कागदाला पिल्लं अंगभर चिकटतात. ती ओढून काढली तर कातडी निघते, म्हणून तिथे खाण्याचं तेल चोळत हळूहळू सोडवावं लागतं. आणि पावसाळ्यात या सगळ्यांवर कडी करतात त्या माश्या. उघड्या जखमेवर माशी बसली की दिवसा-दोन दिवसांत अळ्या पडतात. ‘किडे पडलेत’ असं म्हणून लोक मांजराची आशा सोडतात, ते बरोबर नाही. अळ्या चिमट्याने काढून जखम धुतली आणि औषध सुरू केलं तर भयंकर दिसणाऱ्या जखमाही भरून येतात. टर्पेंटाइन ओतून अळ्या बाहेर काढण्याची जुनी रीत मात्र मांजराच्या बाबतीत घातकच आहे. ते कातडीतून भिनतं, आणि उरलेलं मांजर चाटून पोटात घेतं.

उंच इमारती वाढल्या तशी आणखी एक तऱ्हा वाढली. जाळी नसलेल्या खिडकीतून किंवा गॅलरीच्या कठड्यावरून मांजर खाली पडतं. ‘मांजर पडलं तरी चार पायांवरच पडतं’ या समजाला शास्त्राचाही थोडा आधार मिळाला. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यकांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी छापली. त्यांतली सुमारे ९० टक्के जगली, आणि सात मजल्यांहून वरून पडलेल्यांना तुलनेने कमी इजा झालेली दिसली. ही गोष्ट जगभर चवीने सांगितली जाते. पण ती दवाखान्यात आणलेल्या मांजरांची मोजदाद होती. जागीच मेलेलं मांजर कोण कशाला दवाखान्यात नेणार? त्या पाहणीतून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. पडलेल्या मांजराला बहुधा छातीला मार बसतो, जबडा किंवा टाळू फाटते, पाय मोडतात. यांतला छातीचा मार बाहेरून दिसत नाही. मांजर उठतं, लंगडत जिन्याखाली जाऊन बसतं, लोक ‘बचावलं’ म्हणून घरी जातात आणि फुप्फुसाभोवती हवा साठून ते रात्रीत मरतं. तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर, मग अंगावर ओरखडाही नसो, तातडीचा रुग्ण समजावं. कुत्रा धापा टाकतो, मांजर सहसा टाकत नाही. तसंच हिरड्यांचं. ओठ जरा वर करून पाहिलं आणि हिरड्या गुलाबीऐवजी पांढऱ्याफटक दिसल्या तर आत रक्तस्राव किंवा शॉक आहे असं धरून चालावं.

मांजर दुखणं लपवतं, हे पाळणाऱ्यांना ठाऊक असतंच. २०१९ साली माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेत, तोंडाजवळचा ताण, मिशा आणि डोकं खांद्याच्या वर आहे की खाली, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. कान बाहेरच्या बाजूला पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, मिशा ताठ आणि डोकं खाली, तर वेदना जास्त. भटक्या मांजराच्या बाबतीत याचा मोठा उपयोग असा की हात न लावता लांबून पाहता येतं. ‘शांत बसलंय, म्हणजे बरं आहे’ हा निष्कर्ष काढण्याआधी एवढं पाहायला हरकत नाही.

उचलण्याची एक रीत आहे. एरवी पायात घुटमळणारं मांजरही वेदनेत चावतं, आणि मांजराचा दात खोल जातो. जाड टॉवेल किंवा जुनी चादर डोक्यावरून टाकायची, चारी बाजूंनी गुंडाळायचं आणि तसंच खोक्यात ठेवायचं. आई पिल्लाला मानगुटीला धरते म्हणून मोठ्या मांजरालाही तसं लोंबकळत उचलायचं, हा गैरसमज. मागचा भाग लुळा पडला असेल तर फळी किंवा पुठ्ठ्याचा तुकडा अंगाखाली सरकवून उचलावं. पोतं वापरू नये. छातीला मार असलेलं मांजर त्यात गुदमरतं. पिंजरा नसेल तर फळवाल्याकडचे दोन प्लास्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधले की काम भागतं, हवाही खेळते. जखमी असूनही पळणाऱ्या, गाड्यांखाली दडणाऱ्या मांजराला सापळ्याचा पिंजरा लागतो. त्यात ठेवायला सुक्या बोंबलासारखं दुसरं काही नाही. विहिरीत, झाडावर किंवा दोन भिंतींच्या फटीत अडकलेल्या मांजरासाठी अग्निशमन दल येतं. १०१ वर फोन करायला संकोचू नये.

प्रथमोपचाराबद्दल लोकांना खूप काही करावंसं वाटतं. खरं तर फार थोडं करायचं असतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, ऊब द्यायची, अंधार आणि शांतता द्यायची. वाटेत दूध पाजू नये: भूल द्यावी लागली तर पोट रिकामं बरं, आणि अर्धवट शुद्धीतल्या मांजराच्या तोंडात ओतलेलं दूध श्वासनलिकेत जातं. जखम धुवायचीच तर सलाइन किंवा कोमट पाणी. डेटॉल आणि फिनेल मांजराला विषारी आहेत. हळदीने अपाय होत नाही. पण लेप घट्ट बसला की डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही.

आणि माणसांच्या गोळ्या. भटक्या मांजरांचे जे मृत्यू निव्वळ मायेपोटी होतात, त्यांत पॅरासिटामॉलचा नंबर वरचा असावा. दुखतंय, ताप वाटतोय, म्हणून कुणीतरी अर्धी क्रोसिन दुधात कालवून देतं. माणसाचं यकृत ज्या मार्गाने हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजरात जवळजवळ बंद आहे. औषधाचं विषारी रूप रक्तात साठतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही त्याच माळेचे मणी. कुत्र्यांच्या गोचिडांवरची पर्मेथ्रिन असलेली औषधंही मांजराला चालत नाहीत, हे औषधाच्या दुकानात दर वेळी कुणी सांगतंच असं नाही. चुकून दिलं गेलंच, तर काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं हे डॉक्टरांना लगेच सांगावं. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच.

आता डॉक्टर. मुंबईत परळला एक आवार आहे, तिथे या साऱ्या व्यवस्थेचा इतिहास एका जागी पाहायला मिळतो. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा मुंबईच्या पारशांनी दंगल केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी सोसायटी आली, पुढे दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने दिलेल्या देणगीतून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय. लोक त्या रुग्णालयाला आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ज्या काळात शहर बैलांवर आणि घोड्यांवर चालत होतं, त्या काळात त्यांच्याचसाठी ते बांधलं. बैल गेले, व्हिक्टोरिया घोडागाड्या गेल्या, आता तिथल्या रांगेत पिशवीत मांजर घेतलेली माणसं उभी असतात. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. सुमारे ९८ हजार चौरस फूट आणि दोनशेच्या आसपास खाटा. मुंबईबाहेर पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस यांसारख्या संस्था आहेत, ठाण्यातही आहेत. गोव्यात आसगावला इंटरनॅशनल अॅनिमल रेस्क्यूचं केंद्र १९९८ पासून चालतं.

शहराबाहेर राहणाऱ्यांना मात्र दोन गोष्टी फारशा ठाऊक नसतात. एक म्हणजे पशुवैद्यक महाविद्यालयांची शिकवणी रुग्णालयं. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली महाविद्यालयं आणि अकोल्याची स्नातकोत्तर संस्था ही सगळी माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. तिथे केसपेपरचं शुल्क नाममात्र असतं. एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय असते. विद्यार्थी शिकत असतात म्हणून तपासणीला वेळ जास्त लागतो. पण त्यामुळेच तपासणी घाईची होत नाही. मात्र सकाळी लवकर पोचावं. दुसरी गोष्ट म्हणजे पशुसंवर्धन विभागाचं जाळं: गावात श्रेणी-एक किंवा श्रेणी-दोनचा दवाखाना, काही तालुक्यांत लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, जिल्ह्याला जिल्हा सर्वचिकित्सालय. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची गाडीही येते, पण ती योजना मुख्यतः पशुधनासाठी आहे. मांजरासाठी ती येईल या भरवशावर दुपार घालवू नये.

गावच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याचा हात गाईच्या आडलेल्या वेतावर बसलेला असतो. त्याच्याकडे मांजराच्या शिरेत जाणारी बारीक सुई नसते, मांजराला द्यायच्या भुलेचा सराव नसतो. ‘मांजर आणू नका’ असं कुणी बोलून गेलं तर त्यात तुसडेपणापेक्षा ही अडचणच जास्त असते. म्हणून आधी फोन करून विचारावं. वेदनाशामक, प्रतिजैविक, सलाइन आणि जखमेची सफाई एवढं झालं तरी मांजर पुढच्या शहरापर्यंत पोचायच्या अवस्थेत येतं. पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. औषधाच्या दुकानदाराला किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या अनुभवी ताईंना नाही. त्या ताईंच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण फोटो पाहून डोस सांगण्याबद्दल नाही.

मांजराला दवाखान्यात न्यायला पोलिसांत वर्दी द्यावी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. ‘उगीच भानगड नको’ म्हणून लोक मागे सरतात, म्हणून हे लिहायला हवं. कुणी मुद्दाम मारलं असेल तर गोष्ट वेगळी. प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो. ती रक्कम कित्येक दशकं तिथेच राहिली. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात प्राणी मारणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे तक्रार लिहिताना त्या कलमाचा उल्लेख करावा. अपघाताचं मात्र कायद्यात अवघड आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दुचाकीस्वारावरचा गुन्हा रद्द केला. कुत्रा धडकेत मेला होता आणि पोलिसांनी लावलेली मुख्य कलमं माणसाच्या जिवाला धोका पोचवण्याबद्दलची होती. निकाल कायद्याला धरून होता. चिडून चालकामागे धावण्यात पहिली पंधरा मिनिटं घालवण्यापेक्षा ती मांजरावर खर्च करावीत, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि तिचा दवाखाना हवा. किती जिल्ह्यांत तो दवाखाना दाराला कुलूप न लावता चालतो, हे वाचकांनी आपापल्या जिल्ह्यात जाऊन पाहावं.

उचलणाऱ्याच्या अंगाबद्दल दोन शब्द, कारण ते टाळलं जातं. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावं. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करून पुढे ठरलेल्या दिवसांना घ्यायची असते. खोल चाव्याला जखमेत सीरमही देतात. मांजराला रेबीज होतो तो बहुधा कुत्र्याकडून. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण झालं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं; तिथल्या मांजरवाल्यांनाही त्याचा फायदा आहेच. रेबीज नसला तरी मांजराच्या चाव्यात जंतुसंसर्ग पटकन होतो, बोटाच्या सांध्यात गेला तर बोट आखडतं. जे नेहमी ही कामं करतात त्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी. गरोदर बाईने मांजराची शी काढायचं काम दुसऱ्यावर सोपवावं. मांजर सोडून द्यायची गरज नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात. साध्या जखमेचा खर्च शेकड्यांत भागतो. हाडात पिन किंवा प्लेट घालायची तर खासगी दवाखान्यात बिल पाच आकड्यांत जातं. बरेच डॉक्टर भटक्या प्राण्याला सवलत देतात, पण ती मागावी लागते, गृहीत धरू नये. सुरुवातीलाच अंदाज विचारावा आणि आपली मर्यादा स्पष्ट सांगावी. ‘एवढ्यात काय होऊ शकेल’ हा प्रश्न डॉक्टरांना अपमानाचा वाटत नाही. वर्गणी काढली तर बिलाचा फोटो देणाऱ्यांना पाठवावा. या क्षेत्रात फसवणूकही चालते, आणि तिचा फटका खऱ्या गरजूंना बसतो.

आता मूळ अडचणीकडे. गाडीखाली आलेल्या मांजरात कमरेचं हाड मोडलेलं वारंवार दिसतं. या मोडीला पुष्कळदा शस्त्रक्रिया लागतही नाही. मांजराचं हाड जुळायला इतकं तयार असतं की दोन तुकडे एका खोलीत ठेवले तरी जुळतील, असा पशुवैद्यकांत जुना विनोद आहे. पण औषध असतं ते एकच: चार ते सहा आठवडे पिंजऱ्यातली विश्रांती. उडी नाही, जिना नाही. शेपटी ओढली जाऊन मणक्याच्या शेवटच्या नसा तुटल्या असतील तर मांजराला लघवी होत नाही. दिवसातून दोन-तीनदा मूत्राशय दाबून रिकामं करावं लागतं आणि ती युक्ती डॉक्टरांकडून हाताला हात लावून शिकावी लागते. जबडा तारेने बांधलेल्या मांजराला पातळ अन्न भरवावं लागतं. म्हणजे ऑपरेशन तासाचं, शुश्रूषा महिन्याची. सरकारी दवाखान्यात मुक्कामी रुग्ण ठेवायची सोय सहसा नसते. आणि संस्था ‘उपचार करतो, पण ठेवून घेता येणार नाही’ असं म्हणतात तेव्हा उचलून आणणाऱ्याच्या मनात राग दाटतो.

तो राग मी अनेकदा ऐकला आहे, आणि तरी संस्थांची बाजू मला बळकट वाटते. मांजरांना पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणूजन्य रोग होतो. मांजरवाले त्याला सरळ ‘पार्वो’ म्हणतात, कारण तो कुत्र्यांच्या पार्वोचाच भाऊबंद. लस न टोचलेल्या पिल्लांत तो शिरला की एकापाठोपाठ एक मरतात. विषाणू जमिनीवर, भांड्यावर, चपलेवर महिनोन्‌महिने टिकतो. फिनेलला तो दाद देत नाही. पातळ केलेलं ब्लीच लागतं. पाय मोडलेलं एक मांजर वॉर्डात घेतलं आणि त्याच्या अंगात हा रोग मुरत असला तर आधीची दहा जातात. शिवाय भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी ठेवलेलं मांजर भीतीने खाणं सोडतं. सलग दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर चरबी यकृतात साचू लागते, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजरात, आणि मोडलेल्या पायाऐवजी यकृताने जीव जातो. म्हणजे मांजरांसाठी वेगळा, शांत, दारं बंद होणारा वॉर्ड हवा. तो महाग पडतो. महालक्ष्मीच्या रुग्णालयातल्या दोनशे खाटा ऐकायला पुष्कळ वाटतात. मुंबईच्या एका मासळी बाजाराच्या परिसरात किती मांजरं असतात ते आठवावं.

म्हणून प्रत्यक्षात या देशातली मांजरांची रुग्णालयं बाथरूममध्ये, गॅलरीत आणि जिन्याखालच्या कोनाड्यात चालतात. कुत्र्यासाठी मिळणारा घडीचा लोखंडी पिंजरा, खाली जुनी चादर, एका कोपऱ्यात वाळूचा किंवा फाडलेल्या वर्तमानपत्राचा ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात दडायला उपडं खोकं, आणि तीन बाजूंनी झाकण म्हणून साडी. दडायला जागा असेल तर मांजर लवकर खातं. उकडलेली कोंबडी किंवा काटे काढलेला मासा, बिनमिठाचा, जरा कोमट करून. वास आला की भूक चाळवते. घरात आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी आणि हात धुणं. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा शंकू घालतात. तो पाहून घरचे हसतात, पण टाके वाचतात. अवघड जाते ती माणसांची बाजू. घरमालक, सासूबाई, सोसायटीचे सेक्रेटरी. ‘सहा आठवडे, त्यानंतर जाणार’ असं तारखेनिशी सांगितलं तर परवानगी मिळण्याची शक्यता वाढते, कारण लोकांना भीती मांजराची नसते, ते कायमचं राहील याची असते. काही शहरांत मांजरवाल्यांचे गट पिंजरे एकमेकांना वापरायला देतात. माझ्या मते देणगीदारांनी शस्त्रक्रियेच्या बिलांइतकाच पैसा अशा पिंजऱ्यांत आणि ठेवून घेणाऱ्यांच्या वाळू-कोंबडीच्या खर्चात घालायला हवा. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून तो येत नाही.

कधी कधी ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. मणका तुटून मागचा सगळा भाग गेला आहे, वेदना औषधाला दाद देत नाही, तेव्हा दयामरण हाही उपचारच आहे. १९६० च्या कायद्याचं १३ वं कलम वेदनेत खितपत पडलेल्या प्राण्याचा अंत करायला वाट देतं. काही पांजरपोळींना ते धर्माच्या दृष्टीने मान्य नाही, आणि त्यांच्या भावनेचा उपहास करायचं कारण नाही. तरी पहिलं मांजर उचलणाऱ्याला हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण डॉक्टरांच्या टेबलाशी हा निर्णय त्यालाच विचारला जातो आणि दहा मिनिटांत द्यावा लागतो. उलट बाजूनेही घाई होते. पाय कापावा लागला म्हणजे मांजर संपलं असं नव्हे. तीन पायांचं मांजर आठवड्या-दोन आठवड्यांत पळू लागतं. एक डोळा गेलेलंही निभावतं.

बरं झालेलं मांजर कुठे सोडायचं यावर या वर्तुळात भांडणं होतात. दूरच्या बागेत, देवळाच्या आवारात, ‘तिथे खायला मिळतं’ म्हणून सोडणं हा सर्वांत वाईट पर्याय. परक्या बोक्यांच्या हद्दीत ते टिकत नाही. जिथून उचललं तिथेच सोडावं, खायला घालणाऱ्या माणसाला सांगून. पक्ष्यांवर प्रेम असणारे यावर आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाही. मोकळं मांजर पक्षी मारतं. या आक्षेपाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, ते म्हणजे सोडण्याआधी नसबंदी. मांजर पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. पाय जोडून सोडलेली मांजर वर्षभरात आठ-दहा पिल्लं देणार असेल तर पुढच्या अपघातांची सोय आपणच केली. डॉक्टरांना विचारून, अंगात ताकद आल्यावर, त्याच मुक्कामात ती करून घ्यावी. भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचं टोक किंचित छाटतात, म्हणजे पुन्हा कुणी तिला त्याच कामासाठी पकडत नाही.

मुंबई महापालिकेने गेल्या दशकाच्या अखेरीस भटक्या मांजरांची नसबंदी हाती घेतली, पुण्यानेही नंतर तो रस्ता धरला. या कामात शस्त्रक्रियेनंतर मांजराला ठेवायला पिंजरे लागतात, शांत खोली लागते, ब्लीच लागतं, दोन वेळचं खाणं लागतं. नेमक्या त्याच चार गोष्टी मोडलेल्या कमरेच्या मांजराला लागतात. नसबंदीच्या कंत्राटात अपघाती मांजरांसाठी पाच-सहा पिंजरे वेगळ्या खोलीत राखायची एक अट घालायला नवा कायदा करावा लागत नाही. पुढची निविदा निघेल तेव्हा प्रभागातल्या मांजरवाल्यांनी नगरसेवकाकडे हीच मागणी न्यावी.